चीक, दही आणि पांढऱ्या पेशी

गाय किंवा म्हैस व्यायल्यावर पहिल्या काही वेळा पिळलेले दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. दूध वासराला पोसते हे सर्वांना ठाऊक असते. चिकात मात्र पोषणाच्या बरोबरीने संरक्षणाचेही साहित्य असते, आणि त्याचे कारण गायीच्या वारेच्या रचनेत आहे. मानवी आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतू ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने, वारेतून गर्भाच्या रक्तात पोचतात. त्यामुळे माणसाचे मूल आईने दिलेला प्रतिपिंडांचा साठा घेऊनच जन्माला येते. गायी-म्हशींच्या वारेत आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे अधिक थर असतात आणि प्रतिपिंडांना ते ओलांडता येत नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. ही उणीव चीक भरून काढतो. जन्मानंतर साधारण चोवीस तासच वासराचे आतडे मोठी प्रथिने अखंड स्वरूपात रक्तात घेऊ शकते. पहिल्या काही तासांत ही क्षमता सर्वाधिक असते, मग ती झपाट्याने कमी होत जाते आणि शेवटी संपते.

एवढ्या थोड्या वेळात पुरेसा साठा पोचवायचा असल्याने चिकाची घडण नेहमीच्या दुधापेक्षा फार वेगळी असते. गायीच्या साध्या दुधात प्रथिने सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतात, तर पहिल्या चिकात ती चौदा टक्क्यांपर्यंत जातात. चांगल्या प्रतीच्या चिकात दर लिटरला ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक आयजीजी जातीची प्रतिपिंडे असतात. साध्या दुधात हे प्रमाण एका ग्रॅमच्याही खाली येते. प्रतिपिंडांखेरीज लॅक्टोफेरिन, लायसोझाइम, लॅक्टोपेरॉक्सिडेज ही जंतुरोधक प्रथिने, पेशींच्या वाढीला आणि वर्तनाला वळण देणारे संदेशघटक आणि गायीच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशीही चिकात असतात. साध्या दुधात यांतील बहुतेक घटक उरतात, पण अगदी थोड्या प्रमाणात.

वासरासाठी तयार झालेले हे घटक माणसाच्या पोटात गेले, तर माणसाच्या प्रतिकारक पेशींवर त्यांचा काही परिणाम होतो का? गेल्या शतकभराच्या संशोधनातून निघालेले उत्तर असे की परिणाम होतो, पण तो मुख्यतः आतड्याच्या पातळीवर होतो, बेताचा असतो आणि पदार्थ कसा तयार केला यावर बराचसा अवलंबून असतो. शिवाय या परिणामात पेशींना चेतवण्याइतकेच त्यांना आवरण्याचेही काम असते.

दुधातून मिळणाऱ्या प्रतिकाराचा शोध

दूध आणि प्रतिकारशक्ती यांचे नाते प्रयोगाने प्रथम दाखवले ते जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी, १८९२ मध्ये. त्यांनी वापरलेली विषे भारतीय वाचकाला परिचित वनस्पतींची आहेत. एरंडाच्या बीतले रिसिन आणि गुंजेतले अ‍ॅब्रिन. उंदरांना या विषांच्या चढत्या मात्रा देऊन एर्लिख यांनी त्यांच्यात प्रतिकार निर्माण केला. मग त्यांनी पिलांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिले प्रतिकारक्षम मादीला पाजायला लावली आणि प्रतिकारक्षम मादीची पिले साध्या मादीकडे ठेवली. साध्या मादीच्या पोटी जन्मूनही प्रतिकारक्षम मादीचे दूध प्यालेली पिले विषाला तोंड देऊ शकली. संरक्षण दुधातून पिलांत उतरते, हे त्यातून सिद्ध झाले.

त्याच काळात रशियन जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह वेगळ्या वाटेने दुधाकडे वळत होते. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांचे निरीक्षण करताना त्यांना दिसले की काही फिरत्या पेशी शरीरात घुसलेल्या काट्याभोवती गोळा होतात. अशा पेशी बाहेरच्या कणांना गिळून टाकतात, या निरीक्षणावर त्यांनी भक्षक पेशींचा सिद्धान्त उभारला. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्यांनी असा विचार मांडला की मोठ्या आतड्यातील सडवणाऱ्या जिवाणूंमुळे वार्धक्य लवकर येते आणि आंबवलेल्या दुधातील जिवाणू त्यांना आळा घालू शकतात. बल्गेरियन वैद्यक विद्यार्थी स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये जिनीव्हात आपल्या देशाच्या दह्यातून वेगळा केलेला जिवाणू या विचाराला आधार ठरला. तो आज लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस या नावाने ओळखला जातो. १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एर्लिख आणि मेचनिकोव्ह यांना विभागून मिळाले. एकाने प्रतिपिंडांची बाजू मांडली, दुसऱ्याने पेशींची. दुधाचा मानवी प्रतिकारव्यवस्थेशी येणारा संबंध आजही याच दोन अंगांनी अभ्यासला जातो.

गाठ पडते ती आतड्यात

प्रतिकारक पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींचा मोठा परिवार. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी जंतू गिळतात. रक्तातून फिरणाऱ्या मोनोसाइट पेशी ऊतींत शिरल्या की त्यांचे मॅक्रोफेज होऊ शकतात. नैसर्गिक मारक पेशी विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगाकडे झुकलेल्या पेशींना मारतात. डेंड्रायटिक पेशी बाहेरून आलेल्या पदार्थाचे तुकडे इतर पेशींपुढे ठेवतात. बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी बनतात. टी पेशी हल्ल्याचे नियोजन करतात आणि त्यांतीलच नियामक टी पेशी हा हल्ला वेळीच थांबवतात. या पेशींचे एकमेकींशी बोलणे सायटोकाइन नावाच्या संदेशप्रथिनांतून चालते.

शरीरातील प्रतिकारक पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत असतो, कारण बाहेरच्या जगाशी शरीराचा सर्वांत मोठा संपर्क तिथेच येतो. लहान आतड्याच्या अस्तराखाली पेयर ग्रंथिपुंज नावाचे या पेशींचे समूह आहेत. स्विस वैद्य योहान पेयर यांनी सतराव्या शतकात त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हे नाव पडले. या पुंजांवरच्या खास पेशी आतड्याच्या पोकळीतील कण आणि जिवाणू उचलून खाली उभ्या असलेल्या डेंड्रायटिक पेशींकडे देतात. आतड्याच्या अस्तरावर आणि या पेशींवर टोल ग्राही नावाची प्रथिनेही असतात. जिवाणूच्या भिंतीचा एखादा तुकडा त्यांना लागला की पेशीच्या आत संदेश जातो. टोल ग्राहींचे आणि डेंड्रायटिक पेशींचे काम उलगडणाऱ्या ब्रूस बॉयटलर, ज्यूल्स हॉफमन आणि राल्फ स्टाइनमन या तिघांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुधातील घटकांचा मानवी पेशींशी संबंध येतो तो याच ठिकाणी. प्रौढ माणसाचे आतडे वासरासारखी अखंड प्रतिपिंडे रक्तात घेत नाही. जठरातील आम्ल आणि पाचक रस बहुतेक प्रथिनांचे तुकडे करतात. काही अंश मात्र पचनातून वाचून आतड्यात पोचतो, आणि जे तुकडे होतात त्यांतलेही काही स्वतः कार्यक्षम असतात. त्यामुळे दुधाचा प्रतिकारव्यवस्थेवरील परिणाम समजून घेताना रक्ताऐवजी आतड्याच्या भिंतीकडे आधी पाहावे लागते.

प्रतिपिंडे: जंतूला धरून ठेवणारी

गायीची प्रतिपिंडे माणसाच्या जंतूंना ओळखतात, कारण गायीचा आणि माणसाचा अनेक एकसारख्या किंवा जवळच्या नात्यातल्या जंतूंशी सामना होत असतो. ई. कोलाय, रोटाव्हायरस आणि श्वसनमार्गाचा आरएस विषाणू ही त्याची उदाहरणे आहेत. आतड्याच्या पोकळीत ही प्रतिपिंडे जंतूला चिकटली की त्याला अस्तराला धरून राहता येत नाही. शिवाय गायीच्या आयजीजीची शेपटी मानवी भक्षक पेशींवरील ग्राहीतही बसते. त्यामुळे प्रतिपिंडांनी वेढलेला जंतू भक्षक पेशींना अधिक सहज गिळता येतो.

एखाद्या जंतूविरुद्ध गाभण गायीला आधीच लस टोचली, तर तिच्या चिकात त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर येतात. अशा दुग्ध प्रतिपिंडांची एक महत्त्वाची चाचणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वयंसेवकांना मुद्दाम जुलाब घडवणारा ई. कोलाय पाजण्यात आला. संरक्षक प्रतिपिंडे घेतलेल्या दहा जणांपैकी एकालाही जुलाब झाले नाहीत, तर ती न घेतलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना झाले. ढाक्यातील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात रोटाव्हायरसने आजारी पडलेल्या मुलांना अशा चिकातील प्रतिपिंडे दिल्यावर जुलाब लवकर आटोक्यात आल्याचेही दिसले. चिकातल्या घटकांच्या उपयोगाचे हे सर्वांत स्पष्ट पुरावे आहेत. पण ते विशिष्ट लस दिलेल्या गायींच्या, मोजून दिलेल्या प्रतिपिंडांचे आहेत. गोठ्यातल्या कोणत्याही गायीच्या चिकाला ते लागू होत नाहीत.

अलीकडे नेदरलँड्समधील संशोधकांनी आणखी एक धागा पुढे आणला आहे. भक्षक पेशींना एकदा योग्य चेतना मिळाली, तर पुढच्या वेळी त्या वेगळ्या जंतूलाही अधिक जोमाने प्रतिसाद देतात. बीसीजी लशीच्या अभ्यासातून पुढे आलेल्या या गुणाला प्रशिक्षित प्रतिकार म्हणतात. प्रयोगशाळेत मानवी मोनोसाइट पेशींना गायीच्या आयजीजीच्या सान्निध्यात ठेवल्यावर त्यांच्यात असाच बदल आढळला. शरीरात हे किती घडते, हा पुढच्या संशोधनाचा विषय आहे.

लॅक्टोफेरिन: लोह पळवणारे प्रथिन

दुधातील एका तांबूस प्रथिनाची पहिली नोंद १९३९ मध्ये डेन्मार्कमध्ये झाली. १९६० मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. हेच लॅक्टोफेरिन. त्याचा एक रेणू लोहाचे दोन अणू घट्ट धरून ठेवतो आणि तांबूस रंग त्या लोहामुळेच येतो. बहुतेक जिवाणूंना वाढीसाठी लोह लागते, ते हिरावले गेले की त्यांची वाढ खुंटते. जठरातील पेप्सिन या प्रथिनाचा एक तुकडा तोडते, त्याला लॅक्टोफेरिसिन म्हणतात. मूळ प्रथिनापेक्षाही हा तुकडा जिवाणूंना अधिक मारक असल्याचे १९९० च्या दशकात जपानी संशोधकांनी दाखवले. पचन म्हणजे नेहमी नाशच असे नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

माणसाच्या न्यूट्रोफिल पेशीही स्वतःच्या कणिकांत लॅक्टोफेरिन साठवून ठेवतात आणि संसर्गाच्या जागी ते ओततात. म्हणजे दुधातले हे प्रथिन मानवी प्रतिकारव्यवस्थेला परके नाही. जिवाणूंच्या भिंतीतून सुटणाऱ्या दाहकारक विषाला लॅक्टोफेरिन बांधून ठेवते. ते विष मोनोसाइट पेशींपर्यंत पोचले नाही की दाहाचे सायटोकाइनही कमी सुटतात. दुसरीकडे, प्रयोगशाळेत लॅक्टोफेरिन भक्षक आणि नैसर्गिक मारक पेशींचे काम वाढवते असेही आढळले आहे. एकच प्रथिन एका परिस्थितीत चेतवते आणि दुसऱ्या परिस्थितीत शांत करते, हे दुधातील अनेक घटकांचे वैशिष्ट्य आहे.

आवर घालणारे घटक

आतड्यातून रोज अन्नाचे आणि निरुपद्रवी जिवाणूंचे असंख्य कण जातात. त्या प्रत्येकावर प्रतिकारक पेशींनी हल्ला केला, तर आतड्याला कायमची सूज राहील. म्हणून शरीराला सहनशीलताही शिकावी लागते. दुधात आणि चिकात टीजीएफ-बीटा नावाचा संदेशघटक असतो. तो डेंड्रायटिक पेशींना सौम्य ठेवतो, नियामक टी पेशी तयार होण्यास मदत करतो आणि आतड्यात पाझरणाऱ्या आयजीए प्रतिपिंडांच्या निर्मितीलाही चालना देतो. आतड्याला वारंवार सूज येणाऱ्या क्रोन्स विकारात मुलांना काही आठवडे केवळ द्रवरूप पोषण देणे ही मान्य उपचारपद्धती आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवांपैकी काही टीजीएफ-बीटा टिकवून ठेवलेल्या दुग्धप्रथिनांपासून बनवले जातात. तो घटक नसलेल्या द्रवांनीही गुण येतो, त्यामुळे फायद्याचे सगळे श्रेय या एका घटकाला देता येत नाही.

केसीन हे दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के. त्याच्या पचनातून निघणारे लहान तुकडेही पेशींशी संवाद साधतात. १९८१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मानवी दुधातल्या केसीनपासून मिळवलेल्या अशा तुकड्याने भक्षक पेशींची जंतू गिळण्याची क्षमता वाढत असल्याचे नोंदवले. मेंढीच्या चिकातून पोलंडमधील व्रोत्सवाफच्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये वेगळा केलेला, प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असा प्रथिनांशही टी पेशींच्या वाढीवर परिणाम करतो. मठ्ठाप्रथिनांत, म्हणजे दूध फाटल्यावर पाण्यात राहणाऱ्या प्रथिनांत, सिस्टीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. त्यापासून शरीर ग्लुटाथायोन बनवते. टी आणि बी पेशींसारख्या लिम्फोसाइट पेशींच्या वाढीला ते आवश्यक असते. मात्र घरच्या पनीरच्या पाण्यात ही प्रथिने फारशी उरत नाहीत. दूध उकळल्यावर ती केसीनला चिकटतात आणि पनीरमध्येच जातात. बाजारातली मठ्ठाप्रथिनांची पूड मुख्यतः चीज बनवताना निघणाऱ्या निवळीपासून तयार होते, कारण तिथे दूध एवढे तापवले जात नाही.

दुधाच्या स्निग्धांशातील अ जीवनसत्त्वही या कामात येते. त्यापासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लामुळे टी आणि बी पेशींना आतड्याकडे परतण्याचा पत्ता मिळतो. लोणी-तुपात तीन-चार टक्के ब्युटिरिक आम्ल असते. मोठ्या आतड्यात हे आम्ल नियामक टी पेशींची संख्या वाढवते, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. यावरून तुपाबद्दल मोठमोठे दावे केले जातात, पण तुपातले ब्युटिरिक आम्ल लहान आतड्यातच शोषले जाते. मोठ्या आतड्याला ते मिळते, ते डाळी, भाज्या आणि भरड धान्यांतील तंतू तिथल्या जिवाणूंनी आंबवल्यावर.

दही आणि ताक: जिवंत जिवाणूंचा भाग

दुधाचे दही होताना प्रथिनांच्या जोडीला कोट्यवधी जिवाणू येतात. लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे टोल ग्राहींना लागतात आणि आतड्यातील डेंड्रायटिक पेशी सायटोकाइन सोडतात. कढी करताना जिवाणू मरतात, तरी त्यांच्या भिंतीचे तुकडे राहतात आणि ग्राही ते ओळखू शकतात. जिवंत जिवाणू मात्र याहून अधिक काही करतात. ते आम्ल तयार करून रोगजंतूंची वाढ रोखतात आणि आतड्यातील इतर जिवाणूंच्या समूहावर प्रभाव टाकतात.

माणसांवर झालेल्या अभ्यासांत वृद्धांचे अभ्यास विशेष बोलके आहेत, कारण वयाबरोबर प्रतिकारक पेशींचे काम मंदावते. न्यूझीलंडमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६३ ते ८४ वर्षे वयाच्या ३० निरोगी व्यक्तींना तीन आठवडे बिफिडोबॅक्टेरियमचा एक विशिष्ट वाण घातलेले दूध दिले. त्यांच्या भक्षक पेशींची जंतू गिळण्याची आणि नैसर्गिक मारक पेशींची मारण्याची क्षमता वाढली. ज्यांच्यात ती आधी कमी होती, त्यांच्यात वाढ अधिक दिसली. जपानमधील फुनागाता आणि आरिता या गावांतील १४२ वृद्धांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बल्गेरिकस जिवाणूच्या एका निवडक वाणाने लावलेले ९० ग्रॅम दही रोज खाणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण दूध पिणाऱ्यांपेक्षा कमी होते आणि नैसर्गिक मारक पेशींचे कामही सुधारले होते. हा वाण दह्यात एक बहुशर्करा सोडतो आणि परिणाम तिच्यामुळे होत असल्याचे संशोधक मानतात.

भारतातील मोठा अभ्यास कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत झाला. एक ते पाच वर्षांच्या सुमारे ३,७०० मुलांना बारा आठवडे जिवाणूयुक्त आंबवलेले दुग्धपेय किंवा तसेच दिसणारे जिवाणूविरहित पेय देण्यात आले. जिवाणूयुक्त पेय घेणाऱ्या मुलांत जुलाब १४ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये ३६ निरोगी प्रौढांचा दहा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दही, केफिर, किमची यांसारखे आंबवलेले पदार्थ वाढवलेल्या गटात आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातील १९ दाहसूचक प्रथिने घटली आणि चार प्रकारच्या प्रतिकारक पेशींची चेतलेली अवस्था कमी झाली. न्यूझीलंड आणि जपानच्या अभ्यासांत पेशींचे काम वाढले, तर इथे अकारण चेतलेल्या पेशी शांत झाल्या. वृद्धांच्या मंदावलेल्या पेशींना चालना मिळणे आणि निरोगी प्रौढांचा मंद दाह ओसरणे हे दोन्ही परिणाम आरोग्याच्याच दिशेचे आहेत.

या अभ्यासांतील गुण वाणागणिक बदलतात. जिवाणूंच्या एका वाणाबद्दल जे सिद्ध झाले ते दुसऱ्याबद्दल खरे असेलच असे नाही. भारतात प्रोबायोटिक पदार्थांची पारख कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये आखली. त्यांत वाणाची ओळख, सुरक्षितता आणि माणसांवरील चाचणी यांवर भर आहे. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत हे घरागणिक आणि ऋतूगणिक बदलते. घरचे दही चांगले अन्न आहे, पण विशिष्ट वाणाच्या चाचणीचा निष्कर्ष त्याला चिकटवणे चूक ठरते.

आच लागली की

महाराष्ट्रात आणि गोव्यात चिकाचा खरवस आवडीने केला जातो. चीक दुधात मिसळून गूळ किंवा साखर, वेलदोडा, जायफळ घालून तो वाफवला की आपोआप थिजतो. हे थिजणे घडवतात ती चिकातली मठ्ठाप्रथिनेच, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा प्रतिपिंडांचा असतो. उष्णतेने त्यांच्या घड्या उलगडतात, उलगडलेली प्रथिने एकमेकांत गुंततात आणि वडी पडते. पण प्रतिपिंडाचे काम त्याच्या घडीवरच चालते. घडी उलगडली की ते जंतूला धरू शकत नाही. खरवस घट्ट झाला याचाच अर्थ त्यातील प्रतिपिंडे निकामी झाली. प्रथिने, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व देणारा तो पौष्टिक पदार्थ आहे, प्रतिपिंडांचा डोस मात्र नाही.

साध्या दुधालाही हाच नियम लागू होतो. ७२ अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद केलेल्या पाश्चरीकरणात बरीच प्रतिपिंडे टिकतात. घरी उकळल्यावर किंवा दीर्घकाळ टिकणाऱ्या पाकिटबंद दुधाच्या अतिउच्च तापमानाच्या प्रक्रियेत ती नष्ट होतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या मोठ्या पाहणीत, २०११ च्या अहवालानुसार, गोठ्यातले न तापवलेले दूध पिणाऱ्या मुलांत दमा कमी आढळला. तापवलेल्या दुधाशी असा संबंध दिसला नाही, आणि मठ्ठाप्रथिनांचे प्रमाण जास्त तिथे दमा कमी असेही दिसले.

यावरून कच्चे दूध प्यावे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस, लिस्टेरिया आणि घातक ई. कोलाय यांचा प्रसार होतो. दुधातून पसरणारा क्षय युरोपात एकेकाळी असंख्य मुलांच्या जिवावर बेतला आणि पाश्चरीकरणानेच तो आटोक्यात आला. भारतात जनावरांतील ब्रुसेलोसिस आजही आहे. जंतू मारायचे आणि मठ्ठाप्रथिने टिकवायची, अशी सौम्य प्रक्रिया शोधणे हे दुग्धतंत्रज्ञानापुढचे खरे काम आहे.

परीक्षानळीपासून माणसापर्यंत

चिकाच्या अर्काने नैसर्गिक मारक पेशी चेतल्या, मोनोसाइटनी अमुक सायटोकाइन सोडले, अशी वाक्ये गोळ्यांच्या आणि पुडींच्या जाहिरातींत सर्रास येतात. यांतील बरेच प्रयोग रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशींवर काचेच्या थाळीत झालेले असतात. तिथे पेशींना अर्क थेट मिळतो. शरीरात त्याच्या आधी जठर, आतड्याचे अस्तर आणि यकृत असते. एका पेशीचे काम वाढले म्हणजे माणूस कमी आजारी पडतो, असेही आपोआप ठरत नाही.

लॅक्टोफेरिनची कथा या बाबतीत शिकवून जाते. इटलीतील प्रमुख चाचणीत, २००९ मध्ये, दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४७२ नवजात बालकांचा समावेश होता. गायीचे लॅक्टोफेरिन मिळालेल्या गटात रक्तात पसरणाऱ्या संसर्गाचे प्रमाण ५.९ टक्के, तर न मिळालेल्या गटात १७.३ टक्के होते. एवढ्या मोठ्या फरकाने आशा उंचावल्या. मग ब्रिटनमध्ये ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या २,२०३ बालकांवर चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. लॅक्टोफेरिन मिळालेल्या गटात संसर्ग २९ टक्के, न मिळालेल्या गटात ३१ टक्के. हा फरक लॅक्टोफेरिनचा म्हणता येण्याइतका नव्हता. लहान चाचणीतला ठळक लाभ मोठ्या चाचणीत विरून जातो, हे वैद्यकात वारंवार घडते. कसून सराव करणाऱ्या खेळाडूंना चिकाची पूड दिल्यावर सर्दी-खोकल्याचे दिवस काहीसे कमी होतात, असे अनेक छोट्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. तो लाभ माफक आहे आणि विशिष्ट परिस्थितीतला आहे.

कोणी सांभाळावे

दुधाचा प्रतिकारक पेशींशी संबंध प्रत्येकाच्या हिताचाच असतो असे नाही. काही बालकांची प्रतिकारव्यवस्था गायीच्या केसीनला किंवा मठ्ठाप्रथिनांना शत्रू समजून आयजीई प्रतिपिंडे तयार करते. त्यांना दुधाने गांध्या उठतात, उलट्या होतात, क्वचित श्वासही अडतो. दुधाने पोट फुगणे, गुडगुडणे हा वेगळा प्रकार आहे. त्यात लॅक्टोज ही साखर पचत नाही, प्रतिकारक पेशींचा तिथे संबंध नसतो. ज्यांना दुधाची खरी अ‍ॅलर्जी आहे त्यांनी चीक, चिकाची पूड आणि मठ्ठाप्रथिनेही टाळायला हवीत. कर्करोगाचे किंवा अवयवरोपणानंतरचे औषधोपचार चालू असताना जिवंत जिवाणूंच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अशा रुग्णांच्या रक्तात हे जिवाणू शिरल्याची उदाहरणे थोडी असली तरी खरी आहेत.

नवजात मानवी बालकासाठी योग्य चीक त्याच्या आईचाच. त्यात आयजीए प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात असतात आणि ती बालकाच्या आतड्याच्या अस्तरावर राखण करतात. गायीच्या चिकात मुख्यतः आयजीजी असते. आईचे पहिले पिवळसर दूध टाकून देण्याची चाल काही ठिकाणी अजून आहे, त्यात बाळाचे नुकसान होते. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू व्हावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यासाठीच आहे. गोठ्यातही हाच क्रम पाळावा लागतो. वासराला त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश चीक पहिल्या काही तासांत मिळाला पाहिजे. त्याहून उरेल तोच चीक माणसाच्या वाट्याचा.

निरोगी माणसाच्या रोजच्या आहारापुरते पाहिले तर पाश्चरीकृत किंवा तापवलेले दूध आणि ताजे दही-ताक आतड्यातील प्रतिकारक पेशींना पोषण आणि जिवाणूंचा परिचय देतात. जोडीला डाळी, भाज्या आणि धान्यांतले तंतू असले, तर आतड्यातले जिवाणू ब्युटिरिक आम्ल बनवून याच पेशींना आवर घालायला मदत करतात. लस, औषध किंवा स्वच्छ पाणी यांची जागा यांतले काहीही घेत नाही. प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिन किंवा निवडक जिवाणू आजारावर वापरायचे, तर ते कोणत्या आजारासाठी, किती मात्रेत आणि कोणत्या चाचणीच्या आधारावर, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळायला हवीत.